गिरगावच्या नळाचं गाव

मलबार हिलवरच्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे आपल्या हँगिंग गार्डनमध्ये, मी लहानपणापासून जातोय. त्या हिरवळीखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे हे मला चाळिशी उलटल्यावर नीट कळलं. कळलं तेही २०२३ मध्ये, टाकी पाडून नवी बांधायची आणि त्यासाठी ३८९ झाडं हलवायची किंवा तोडायची अशी बातमी आली तेव्हा. टाकी ब्रिटिश काळातली, सव्वाशेहून अधिक वर्षांची. तिच्यात १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावतं. गिरगाव, ग्रँट रोड, मलबार हिल, फोर्ट, कुलाबा हा सगळा दक्षिण मुंबईचा पट्टा कमीअधिक प्रमाणात त्या पाण्यावर जगतो. माझ्या घरातला नळही त्याच टाकीचा.

झाडांसाठी लोक उभे राहिले. सह्या झाल्या, बैठका झाल्या, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, टाकीत उतरून पाहणी झाली, आणि अख्खी टाकी पाडण्याचा बेत मागे पडला. त्या सह्यांमध्ये माझीही होती. ते आंदोलन योग्य होतं असं मला आजही वाटतं. नागरिकांनी कागदपत्रं मागितली, दुसरा मार्ग आहे का असं विचारलं, आणि दुसरा मार्ग निघाला. लोकशाहीत कामं अशीच व्हायला हवीत.

पण त्याच काळात वाडा तालुक्यातल्या ओगदे गावाजवळ, तानसा अभयारण्याच्या जंगलात, गारगाई धरणाचे आराखडे पुढेमागे होत होते. ते धरण मुंबईसाठीच आहे. त्यात लाखांच्या संख्येने झाडं जायची आहेत आणि सहा गावांतली शेकडो आदिवासी कुटुंबं हलायची आहेत. गारगाईचं पाणी बोगद्यातून मोडकसागरात येणार, तिथून मुंबईत. म्हणजे उद्यानातली ३८९ झाडं आणि गारगाईच्या खोऱ्यातली लाखो झाडं यांचा संबंध एकाच पाणीपुरवठ्याशी आहे. पहिल्यासाठी आम्ही सह्या केल्या. दुसऱ्याबद्दल आमच्या गल्लीत कुणी बोललंही नाही, आणि त्यात मीही आलो.

हे का झालं याचा मी बराच विचार केला. गिरगावची माणसं निर्दय आहेत असं मुळीच नाही. आपल्या नळाचं गाव कोणतं हेच आपल्याला ठाऊक नाही, एवढंच त्याचं कारण आहे. आणि हे अज्ञान दूर करणं ही आता खाजगी कुतूहलाची बाब राहिलेली नाही, महापालिकेची आणि आपली सार्वजनिक जबाबदारी आहे, असं माझं म्हणणं आहे. ज्या तालुक्यांतून पाणी येतं त्यांच्या पाड्यांवर आधी नळ पोचला पाहिजे, आणि तो पोचेपर्यंत मुंबईने नव्या धरणाची कुदळ मारू नये.

आधी पाण्याची वाट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेला जाते, तिची यात्रा भरते, कुंभमेळा भरतो. वैतरणा पश्चिमेला उतरते. ती आपल्या नळात येते, तिची यात्रा कुठेच नाही. तिच्यावर सगळ्यात वर, इगतपुरीच्या बाजूला, ऊर्ध्व वैतरणा धरण आहे, सत्तरच्या दशकातलं. तिथलं पाणी वीज करून खाली सोडलं जातं. मग मध्य वैतरणा, शंभर मीटरहून उंच काँक्रीटचं धरण, २०१४ मध्ये पूर्ण झालेलं, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर देणारं. त्याखाली मोडकसागर, १९५७ च्या सुमाराचं, महापालिकेचे अभियंते मोडक यांच्या नावाचं. शेजारच्या खोऱ्यात तानसा, १८९२ सालचं. ही सगळी धरणं मुंबईपेक्षा उंचावर आहेत, त्यामुळे हे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर, मोठाल्या जलवाहिन्यांतून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येतं. तिथे गाळून, क्लोरीन घालून, जमिनीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते दक्षिणेकडे निघतं आणि मलबार हिलच्या टाकीत चढतं. टाकीतून ठरलेल्या वेळी चावीवाला चावी फिरवतो आणि आमच्या मोरीतला नळ सुरसुरतो. शंभर किलोमीटरच्या वरचा हा प्रवास आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीपासून पिढ्यान्‌पिढ्या अभियंत्यांनी तो घडवला, आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे.

याशिवाय भातसा. ते धरण राज्य सरकारचं आहे, मुळात सिंचनासाठीही होतं. भातसा नदीचं पाणी पिसे इथे बंधाऱ्यावर उचललं जातं, पंपाने पांजरापूरला आणलं जातं आणि तिथून शहरात येतं. सातही तलावांचा मिळून उपयुक्त साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातला एकट्या भातसाचा ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळपास निम्मा.

मुंबईच्या हद्दीतले तलाव दोनच, विहार आणि तुळशी. दोन्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत. तुळशी भरून वाहू लागला की वर्तमानपत्रांत त्याचा फोटो पहिल्या पानावर येतो आणि आपण निश्चिंत होतो. या दोन तलावांचा साठा मिळून ३५ हजार ७४४ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. भागाकार केला तर आपल्या हद्दीतलं पाणी आपल्याला नऊ दिवस पुरतं. वर्षाचे उरलेले दिवस आपण ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांवर जगतो. एकट्या शहापूर तालुक्यातली भातसा आणि तानसा ही दोन धरणं धरली तरी आपल्या साठ्याचे साठ टक्के होतात. वैतरणेवरची धरणंही त्याच तालुक्याच्या सीमेला लागून.

आता शहापूरबद्दल. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी एका परिचितांबरोबर कसाऱ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथे टँकर येतो आणि पाणी घराघरात वाटत नाही, विहिरीत ओततो. कोरड्या पडलेल्या विहिरीच्या तळाशी ते पाणी साचतं आणि मग बाया दोरीने ते पुन्हा वर ओढतात. टँकर चुकला तर ओढ्याच्या पात्रात डवरा खणायचा, पाणी झिरपायची वाट पाहायची आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. एका मावशींनी मला विचारलं, मुंबईत कुठे राहता, पाणी किती वेळ येतं. मी म्हटलं, गिरगावात, दोनेक तास. त्यांना वाईट वाटलं. दोनच तास, मग तुमचेही हालच की, असं म्हणाल्या. मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. परतताना रस्त्याच्या कडेने त्या काळ्या जलवाहिन्या दिसत होत्या, माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या. एके ठिकाणी एअर व्हॉल्व्हमधून पाणी झिरपत होतं आणि त्याखाली दोन कळश्या आणि एक डबा ओळीने लावलेला होता.

मुंबईकराला पहिला प्रश्न पडतो की एवढा पाऊस पडणाऱ्या भागात दुष्काळ कसा. शहापूर-मोखाड्यात पाऊस मुंबईइतका, कुठे कुठे त्याहून जास्त पडतो. पण खाली काळा पाषाण आहे. वरचा मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पाणी मुरत नाही, धावत सुटतं आणि दरीत जातं. दरीत आपण धरणं बांधली आहेत. पाडे डोंगराच्या धारेवर, माळावर आहेत. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चला विहिरी आटतात आणि त्याच वेळी खाली दरीत निळाशार जलाशय दिसत असतो. दिसतो तो खरा, पण त्याचं पाणी वर येत नाही. इथे निसर्गाने केलेलं एवढंच आहे. ते पाणी पन्नास मीटर वर न चढवण्याचा निर्णय माणसांचा.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर असं, की पाडे विखुरलेले आहेत, उंचावर आहेत, पंपाचा आणि विजेचा खर्च परवडत नाही. हे उत्तर मी गंभीरपणे घेतो, कारण ते बोलणाऱ्यांत प्रामाणिक अभियंतेही आहेत. तरीही मला ते पटत नाही. मलबार हिलही उंचावरच आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी चाळीस-पन्नास मजल्यांचे टॉवर उभे राहिले, त्यांच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातही भातसा-वैतरणेचं पाणी पोचतं. तिथे पाणी किती उंच चढवायचं हा प्रश्न कधी अडला नाही. भावली धरणातून उताराने शहापूरच्या गावापाड्यांना पाणी आणण्याची योजना आखली गेली, तीही इगतपुरी तालुक्यातून. आपल्या अंगणातली एवढी धरणं सोडून शेजारच्या तालुक्यातून पाणी आणण्याची वेळ शहापूरवर आली. ती योजना लवकर पूर्ण व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण तिच्या मागचा विचार हा की शहापूरचं पाणी मुंबईचं ठरलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. हा विचारच आपण तपासायला हवा.

आणि किती पाण्याचा प्रश्न आहे हे? २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. आज ती चार लाख धरू. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर धरलं तर अख्ख्या तालुक्याला दिवसाला २२ दशलक्ष लिटर लागतात. मुंबईच्या ३,९०० समोर ठेवून पाहा. वीस लिटरच्या बादलीमागे अर्धा पेला. मलबार हिलची टाकी एकदा भरली की तिच्यात या तालुक्याचं सहा दिवसांचं पाणी असतं. म्हणजे शहापूरला पोटभर पाणी दिलं तर मुंबई तहानेने मरेल असा जो धाक घातला जातो, तो आकड्यांत टिकत नाही. आपल्या रोजच्या पुरवठ्यातली चढउतारसुद्धा याहून मोठी असते.

हे सगळं आजचं नाही, याची मुळं मुंबईच्या इतिहासात आहेत. धोबीतलाव, गवालिया टँक, नवाब टँक, दो टाकी, खारा तलाव ही नावं आपण रोज घेतो. हे सगळे खरोखरचे तलाव होते आणि शहर त्यांवर व वाड्यांतल्या विहिरींवर जगत होतं. १८५० च्या दशकात पाऊस कमी झाला, हाहाकार उडाला, बाहेरून पाणी आणून शहरातल्या विहिरींत ओतावं लागलं. आज शहापूरच्या पाड्यावर टँकर जे करतो तेच पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत झालं होतं. त्यातून विहारची योजना निघाली आणि १८६० मध्ये तिचं पाणी शहरात आलं. भारतातली अशी ही पहिली मोठी नागरी योजना. मग १८७९ मध्ये तुळशी. पवईचा तलावही बांधला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही. मग तानसा, मग वैतरणा, मग भातसा. प्रत्येक वेळी शहर तहानलं की आणखी लांबच्या नदीकडे गेलं. दरम्यान मलेरियाच्या भीतीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या असंख्य विहिरी बुजवल्या, झाकल्या गेल्या. त्या वेळच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माणसं खरोखर मरत होती. पण विहिरी बुजल्या आणि आपलं पाणी आपल्या पायाखाली असू शकतं ही जाणीवही बुजली. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर १७२५ ची आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोडं. पारशी समाजाने ती श्रद्धेने जपली म्हणून राहिली.

कुणी म्हणेल, मुंबई अख्ख्या राज्याला कर देते, तिच्या पाण्यावर लाखोंची पोटं चालतात, त्यांत शहापूर-वाड्याहून आलेलीही असतात, मग पाण्याचा हिशेब कशाला. मुंबईला पाणी मिळूच नये असं मी म्हणतच नाही. सव्वा कोटी माणसांना पाणी लागतं आणि ते बाहेरूनच येणार. भातसाच्या पाण्यासाठी महापालिका राज्याला पैसे मोजते, हेही खरं. पण ते पैसे राज्याच्या तिजोरीत जातात, पाड्यावर काय येतं? आणि मुंबईने मोजलेल्या करामुळे मोखाड्यातल्या बाईने मे महिन्यात डवरा का खणावा, हे मला कोणत्याही तर्काने समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावांना पाणी देणं हे जिल्हा परिषदेचं आणि राज्याचं काम आहे, मुंबई महापालिकेचं नाही. कायद्याच्या भाषेत बरोबर. पण धरण बांधताना, जमिनी घेताना, जंगल मागताना महापालिका आपल्या हद्दीबाहेर जाते. पाणी घ्यायला हद्द ओलांडायची आणि पाणी द्यायची वेळ आली की हद्द आठवायची, ही विभागणी न्यायाची नाही. २०२५-२६ चं महापालिकेचं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. ज्या तालुक्यांतून नळ चालतो त्यांच्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक नियमित, कायमचा वाटा असायला हवा. जलवाहिनीच्या वाटेतल्या काही गावांना, ठाणे-भिवंडीला थोडं पाणी दिलं जातं. ते थोडंसं देणं आज मर्जीवर आहे, ते हक्कात बदललं पाहिजे.

पैशांचंही गणित मांडतो. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे. हजार लिटरमागे पंचवीस पैसे धरणगावांच्या पाण्यासाठी वेगळे ठेवले, तर माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने चार माणसांच्या कुटुंबाला महिन्याला चार रुपये पडतील. गळती वजा करूनही वर्षाला पंचवीस कोटींच्या आसपास रक्कम जमेल. डोंगरावरच्या पंपांचं वीजबिल आणि टाक्यांची देखभाल, जिथे बहुतेक ग्रामीण योजना उद्घाटनानंतर दोन-तीन वर्षांत मरतात, ती या पैशातून चालू शकते. झोपडपट्टीतल्या जोडण्यांना यातून वगळावं, कारण त्यांचा वाटा आधीच तोकडा आहे.

आणि तो तोकडा आहे हेही याच चर्चेत बोललं पाहिजे. महापालिकेचा निकष इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५ लिटर असा राहिला आहे. धरणापासून निघालेलं पाणी शहरात शिरल्यावरही समान वाटलं जात नाही. वस्ती अधिकृत की अनधिकृत, या प्रश्नावर नळजोडण्या वर्षानुवर्षं अडल्या. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, घर बेकायदा असलं तरी माणसाला तहान लागते. २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तत्त्व मान्य झालं. जे तत्त्व मानखुर्दच्या गल्लीत मान्य झालं ते शहापूरच्या पाड्यावर का थांबावं? घटनेचं एकविसावं कलम मुलुंडच्या नाक्यावर संपत नाही.

आता गारगाई. १९९४ मध्ये डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने मुंबईच्या भविष्यासाठी मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ अशी धरणं सुचवली होती. मध्य वैतरणा झालं. गारगाईतून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर मिळतील असा अंदाज आहे. मध्यंतरी ते बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प पुढे आला, सुरुवातीला २०० दशलक्ष लिटरचा. मग गारगाई पुन्हा पटलावर आलं. जून २०२४ मध्ये तलावांतला साठा पाच टक्क्यांच्या आसपास आला होता आणि भातसा व ऊर्ध्व वैतरणेचा राखीव साठा काढावा लागला, दहा टक्के पाणीकपात झाली. अशा उन्हाळ्यात कुणालाही वाटतं की आणखी एक धरण हवंच. मलाही वाटलं होतं.

पण त्याआधी आपल्याच नळाखाली पाहू. मुंबईत गळती आणि चोरीत जाणारं पाणी पुरवठ्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढं आहे असं महापालिकेच्याच वर्तुळात वर्षानुवर्षं मानलं जातं. चौथा हिस्सा धरा. ३,९०० चा चौथा हिस्सा म्हणजे ९७५. दोन गारगाई धरणांहून जास्त पाणी आपण रस्त्याखाली हरवतो. सगळी गळती कधीच थांबत नाही, जगातल्या कोणत्याच शहरात थांबलेली नाही. निम्मी थांबली तरी एका गारगाईचं पाणी मिळतं आणि एकही गाव हलवावं लागत नाही. पण गळती शोधणं हे रात्री कान लावून, रस्ता खणून, वॉर्डावॉर्डात करायचं चिकाटीचं काम आहे. त्याला भूमिपूजन नसतं, कोनशिला नसते. धरणाला असते. आपल्या राजकारणात म्हणूनच धरण जिंकतं, आणि याला आपण मतदारही जबाबदार आहोत. निवडणुकीत कुठल्या उमेदवाराला आपण गळतीबद्दल विचारलं?

सांडपाण्याचंही तसंच. वैतरणेचं पाणी एकदा आपल्या न्हाणीघरातून गेलं की वरळी-वांद्र्याच्या बाजूने समुद्रात जातं. आता वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड अशी सात नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत, त्यांची एकत्र क्षमता रोज सुमारे अडीच हजार दशलक्ष लिटरची आहे. त्या प्रक्रिया केलेल्या पाण्यातलं काही पाणी बागा, बांधकामं, रेल्वेचे डबे धुणं, कारखान्यांची शीतयंत्रणा यांना दिलं तर तेवढं पिण्याचं पाणी मोकळं होईल. पण त्यासाठी वेगळी पाईपलाईन टाकावी लागते, आणि केंद्र उभं राहतानाच तिची आखणी झाली नाही तर नंतर होत नाही. ही मागणी आत्ता करायची वेळ आहे. पावसाचं पाणी मुरवणंही मोठ्या भूखंडांवर २००२ पासून सक्तीचं आहे. किती इमारतींतले ते खड्डे जिवंत आहेत, हे प्रत्येकाने आपल्या आवारात जाऊन पाहावं. आमच्याकडे त्यावर फरशी बसवलेली मी पाहिली आहे आणि मला त्याची लाज वाटली.

म्हणून माझी मागणी अशी, की गारगाईला कायमचा नकार देऊ नये, पण क्रम बदलावा. आधीच्या धरणांच्या पाणलोटातल्या आणि काठच्या प्रत्येक पाड्यावर बारमाही नळ पोचल्याचं त्या त्या ग्रामसभेने लिहून द्यावं. महापालिकेने गळतीचा वॉर्डवार हिशेब दरवर्षी जाहीर करावा. हे दोन झाल्यावर जर पाणी कमीच पडत असेल, तर ओगद्याच्या लोकांसमोर जाऊन आपण मागू शकतो. तेव्हा मागण्याला तोंड असेल. आज नाही. आज आपण जे मागतोय ते आधीचं देणं न फेडता मागितलेलं नवं उसनं आहे, आणि गावात असं कुणी केलं तर त्याला दारात उभं करत नाहीत.

माहितीची गोष्ट राहिली. पावसाळ्यात तलावांच्या पातळीचे टक्के रोज छापून येतात. १ ऑक्टोबरला सगळे तलाव काठोकाठ हवेत, म्हणजे वर्ष निभावतं, हे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. पण भातसा अठ्ठ्याण्णव टक्के भरला ही बातमी वाचताना भातसाच्या काठच्या कोणत्या पाड्यावर गेल्या मे महिन्यात टँकर होता, हे त्याच ओळीत कुणी लिहीत नाही. ते लिहिणं अवघड नाही. टँकर कुठे गेला याची नोंद तालुक्याच्या कचेरीत असते. पाण्याचं बिल सोसायटीच्या नावाने येतं. त्यावर जलजोडणी क्रमांक, मीटरचं वाचन, थकबाकी एवढं सगळं छापतात. दोन ओळी आणखी मावतील.

येत्या महिन्यात आमच्या इमारतीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. मी ठराव देऊन ठेवला आहे, सचिवांनी तो विषयपत्रिकेवर घेतला आहे. त्यातली मुख्य मागणी जशीच्या तशी देतो, म्हणजे कुणाला आपल्या सोसायटीत वापरायची असेल तर उपयोगी पडेल: "आमच्या इमारतीला मिळणारं पाणी कोणत्या तलावातून, कोणत्या शुद्धीकरण केंद्रातून आणि कोणत्या टाकीतून येतं, तसंच त्या तलावाच्या तालुक्यातल्या किती गावापाड्यांना गेल्या उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावं लागलं, हे महापालिकेने प्रत्येक पाणीबिलावर मराठीत छापावं. आमच्या इमारतीच्या बिलात हजार लिटरमागे पंचवीस पैसे या गावांच्या पाणीयोजनेसाठी आकारण्यास आमची संमती आहे." शेजारच्या दोन चाळींनी आणि समोरच्या नव्या इमारतीने मसुद्याची प्रत मागून नेली आहे.